रोज मरे त्याला कोण रडे: हरणाऱ्या बेसबॉल टीमबरोबर अख्खा सीझन कसा काढायचा

२०२४ च्या मे महिन्यात बाबा सांगलीहून आमच्याकडे शिकागोला आले, सहा महिन्यांसाठी, आणि त्याच उन्हाळ्यात आमची टीम म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्स सलग २१ मॅच हरली. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत एक पण जिंकली नाही. पहिले चार-पाच दिवस बाबा माझ्याबरोबर हळहळले, मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले "रोज मरे त्याला कोण रडे" आणि उठून मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालायला गेले. सीझन संपला तेव्हा हिशोब होता ४१ विजय, १२१ पराभव. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनला इतक्या मॅच कोणीच हरलेलं नाही, आधीचा रेकॉर्ड न्यूयॉर्क मेट्सचा, १९६२ सालचा, १२० चा. त्या १२१ मधल्या निम्म्याहून जास्त मी बघितल्या किंवा ऐकल्यात, त्यामुळे या एका विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहे असं मी समजतो.

ज्यांना बेसबॉल फार माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ मॅच असतात, म्हणजे जवळजवळ रोज. आयपीएलमध्ये तुमची टीम भंगार खेळली तरी दोन महिन्यांत सुटका होते, इथे सहा महिने रोज संध्याकाळी तेच ताट पुढ्यात येतं. म्हणून इथे निष्ठा वगैरे मोठे शब्द फार उपयोगाचे नाहीत, रोजचं कसं निभवायचं हा प्रश्न आहे. आणि माझं उत्तर एकच आहे, मोजायचं माप बदला. सीझन या मापानं मोजलंत तर ऑगस्टपर्यंत टिकणार नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती फिरतं.

पायरी १: सीझन गेला, हे एकदा कागदावर मान्य करा

लोक काय करतात, रोज थोडी थोडी आशा ठेवतात आणि रोज थोडे थोडे मरतात. त्यापेक्षा एक दिवस ठरवा. मी मे अखेरीची मेमोरियल डेची सुट्टी धरतो, कारण तोपर्यंत पन्नासेक मॅच झालेल्या असतात आणि टीम खरंच वाईट आहे की नुसती वाईट वेळ चालू आहे ते बऱ्यापैकी कळतं. २०२४ ला तेवढं थांबायची पण गरज नव्हती. पहिल्या २५ मॅचमध्ये ३ जिंकल्या, २२ हरल्या. आता धरा की ८५ मॅच जिंकल्या तर प्लेऑफच्या आसपास तरी पोचू, तर उरलेल्या १३७ मधल्या ८२ जिंकायला हव्यात, म्हणजे अख्ख्या सीझनला ९७ जिंकणाऱ्या टीमच्या वेगानं खेळायला हवं. ज्यांनी नुकत्याच २५ पैकी २२ घालवल्यात त्यांनी. हा हिशोब स्वतःच्या हातानं केला की छातीवरचं ओझं जातं, खरंच सांगतो.

दुसरा एक हिशोब आहे, नशीब किती वाईट आणि आपण किती वाईट ते बघायचा. टीमनं काढलेल्या रनचा वर्ग करा, दिलेल्या रनचा वर्ग करा, पहिल्याला दोघांच्या बेरजेनं भागा. जे येतं तो अंदाजे जिंकायचा वाटा. व्हाइट सॉक्सनी त्या वर्षी ५०७ रन काढले आणि ८१३ दिले. उत्तर ०.२८ येतं, १६२ ला गुणलं की ४५ विजय. म्हणजे नशिबानं चार मॅच खाल्ल्या, बाकीच्या आम्ही स्वतःच्या कर्तृत्वानं घालवल्या. बाबांना हे फार आवडलं होतं, त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वहीचं पुढे सांगतो.

पायरी २: टीम मुद्दाम हरतेय की कोसळलीय ते ओळखा

हरायचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे रीबिल्ड, महागडे खेळाडू विकायचे, पोरं गोळा करायची, तीन-चार वर्षं मार खायचा. दुसरा म्हणजे सरळ सरळ कोसळणं. पहिल्यात मजा शोधता येते कारण पोरं मोठी होताना दिसतात, दुसऱ्यात अपेक्षा वेगळ्या ठेवायला लागतात.

आमचं दुखणं हे की आम्ही पहिल्याचे पैसे भरून दुसरा घेतला. २०१८ ला रीबिल्डच्या नावाखाली १०० मॅच हरून झाल्या होत्या, २०२१ ला ९३ जिंकून डिव्हिजन (आमचा पाच टीमचा गट) पण जिंकलं, वाटलं आता चार-पाच वर्षं आपली. मग २०२२ ला ८१, २०२३ ला ६१, २०२४ ला ४१. दर वर्षी बरोब्बर वीस कमी, नीट मोजून उतरल्यासारखं. असं असलं की "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्याला शिव्या बसतात आणि बसायलाच हव्यात.

तरी इतिहास थोडा जवळ ठेवा, औषधासारखा. १२० हरणारे मेट्स १९६९ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकले. डेट्रॉइट टायगर्स २००३ ला ११९ हरले आणि २००६ ला वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०१३ ला १११ हरले आणि २०१७ ला जिंकले (त्या २०१७ च्या जिंकण्याला साइन चोरीचा, म्हणजे समोरच्या कॅचरचे इशारे चोरून बघितल्याचा, डाग आहे तो वेगळा विषय). हे नियम नाहीत, नुसती उदाहरणं आहेत, पण जुलैच्या मध्यात एवढं पण पुरतं.

पायरी ३: एक माणूस निवडा

टीम नाही, माणूस. शक्यतो स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा बॉलर, निवडा, कारण तो पाच दिवसांतून एकदा येतो, म्हणजे वर्षाला तीसेक वेळा, आणि १६२ दिवसांचा रतीब एकदम तीस अपॉइंटमेंटवर येतो. त्याचा दिवस असेल तेव्हा बसायचं, नसेल तेव्हा स्कोअर बघितला न बघितला.

मी गॅरेट क्रोशे निवडला होता. या माणसाचं २०२२ ला कोपराचं ऑपरेशन झालेलं, त्याआधी तो बुलपेनमधून, म्हणजे मधेच बदली येऊन, एखाद-दोन इनिंग (मॅचला नऊ असतात) टाकायचा, मेजर लीगमध्ये एकही मॅच त्यानं स्टार्ट केलेली नव्हती, आणि २०२४ ला पहिली स्टार्ट थेट ओपनिंग डेला. सहा इनिंग, ८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट), फक्त १ रन दिला. आम्ही हरलो, १-० नं! पुढचे सहा महिने कसे जाणार ते त्याच दिवशी कळायला हवं होतं खरं तर. पण सीझनअखेर त्याचे १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट होते आणि तो निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार गेमला गेला. उन्हाळ्याच्या शेवटी हात जपायला म्हणून त्याला तीन-चार इनिंगनंतर बाहेर काढायचे, मग आम्ही पण टीव्ही बंद करायचो. बिनधास्त बंद करा. अर्ध्यातून उठलं की निष्ठा कमी होते असं काही नसतं, सकाळी ऑफिस असतं.

निवडताना एकच काळजी, जो चांगला आहे तो विकला जाणार हे मनाशी धरून चाला. डिसेंबरमध्ये क्रोशे बोस्टन रेड सॉक्सला गेला.

पायरी ४: हातानं स्कोअर लिहा

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त काम करणारी गोष्ट हीच, आणि खर्च एक वही, पेन्सिल आणि खोडरबर. बेसबॉलमध्ये मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, त्यानं सेकंडकडे फेकला, तिथून फर्स्टला, दोन आउट, की लिहायचं ६-४-३. सेंटर फील्डरनं कॅच घेतला की एफ ८. स्ट्राइकआउटला के, आणि बॅट न फिरवता उभ्या उभ्या गेला तर तोच के उलटा काढायचा. प्रत्येक बॅटरला प्रत्येक इनिंगसाठी एक चौकोन, त्यात छोटा हिरा (चार कोपरे म्हणजे चार बेस), माणूस जितक्या बेस पुढे गेला तितक्या रेघा ओढायच्या, फिरून होम प्लेटला पोचला, म्हणजे रन झाला, की हिरा भरून टाकायचा. झालं. दोन मॅचमध्ये हात बसतो.

बाबा आयुष्यभर सहकारी बँकेत होते, लेजर लिहून बोटं तयार झालेली, त्यांनी हे असं उचललं की विचारू नका. दोनशे पानी वही आडवी धरून त्यांनी स्वतःच रकाने आखले. आणि मग मजा अशी झाली की हरलो की जिंकलो हे दुय्यम झालं, पान पूर्ण झालं पाहिजे हे मुख्य. लिहायला लागलं की प्रत्येक बॅटरकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि भंगार टीम पण दिवसाला तीन-चार गोष्टी तरी सुंदर करतेच, त्या स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत, वहीत दिसतात.

२३ मेची बाल्टिमोर ओरिओल्सची मॅच मला त्या वहीमुळेच लक्षात आहे. नववी इनिंग, ८-६ नं मागे, दोघं बेसवर, एक आउट. आमच्या बेनिनटेंडीनं बॉल वर उडवला, इनफील्ड फ्लाय, म्हणजे कॅच घेवो न घेवो बॅटर आउट. इथवर ठीक. पण सेकंड बेसवरचा आमचा अँड्र्यू वॉन शॉर्टस्टॉपच्या वाटेत आला असं अंपायरनं ठरवलं आणि तोही आउट, मॅच खलास. बाबा पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघतायत, "हे कुठल्या चौकोनात लिहू?" आम्ही अर्धा तास नियम वाचत बसलो, हरल्याचं दुःख करायला वेळच मिळाला नाही. शेवटी त्यांनी चौकोनात मराठीत लिहिलं, "वाटेत आला".

पायरी ५: बघू नका, ऐका

हरणारी टीम टीव्हीवर बघणं म्हणजे तीन तास समोर बसून अपमान करून घेणं. रेडिओ लावला की हात मोकळे राहतात. आमच्याकडे लेन कॅस्पर रेडिओवर सांगतो, आवाज छान आहे, आणि मी त्या सीझनला जितक्या गवारीच्या शेंगा मोडल्या तितक्या आयुष्यात मोडल्या नसतील. टीम दहा रननं मागे असली की रेडिओवाले जुन्या गोष्टी सांगायला लागतात, तेव्हाच रेडिओची खरी मजा असते.

पायरी ६: मैदानावर जा, पण शहाण्यासारखं जा

टीम वाईट असल्याचा एकच रोख फायदा म्हणजे तिकिटं. आठवड्यातल्या मधल्या दिवसाची, मोठी टीम समोर नसलेली मॅच बघा, आणि रीसेलवर मॅचच्या दिवशी दुपारनंतर बघा, भाव खाली येत जातात. आम्हाला पार्किंगपेक्षा स्वस्त तिकीट मिळालेलं आहे. म्हणून रेड लाइननं जा, सॉक्स-३५थ स्टेशनला उतरलं की पार्क समोरच. गाडीनंच जायचं असेल तर चौघं मिळून जा आणि पार्किंगमध्ये टेलगेट करा, डिकी उघडून खाणंपिणं, तो अर्धा कार्यक्रम असतो.

एप्रिलमध्ये जाऊ नका, गेलात तर कपड्यांचे चार थर घालून जा. खायला एलोते घ्या, मक्याचे दाणे, वर लोणी, लिंबू, तिखट, चीज, मेयो (मेयो कमी सांगा). बाबा पहिला चमचा खाऊन म्हणाले, हे तर चौपाटीवरचंच आहे, फक्त इथे चमचा देतात. २०२४ ला या पार्कातला एक मिल्कशेक टीमपेक्षा जास्त गाजला होता, यावरून काय ते समजा.

आणि होम रन (बॉल थेट कुंपणापार) झाला की स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात, तेव्हाचे मालक बिल व्हीक यांनी १९६० ला जुन्या पार्कात सुरू केलेली पद्धत. नऊ रननं मागे असताना एका सोलो, म्हणजे एकाच रनच्या, होम रनला दिवाळीसारखे फटाके उडतात तेव्हा जे हसू येतं ते जिंकणाऱ्या टीमच्या लोकांना नाही कळायचं.

पायरी ७: सलग हरत असताना

हे वेगळं लिहितोय कारण स्ट्रीक हा वेगळा आजार आहे. आमच्या मेमध्ये सुरू झालेल्या १४ च्या स्ट्रीकमध्ये मी चिडायचो, जुलैच्या २१ च्या वेळेपर्यंत शहाणा झालो होतो. रात्री झोपायच्या आधी फोनवर टीमबद्दल काहीही वाचायचं नाही. दिवसातून एकदा, सकाळी, बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता), बस्स. ऑफिसात कब्जवाले भेटणारच (शिकागोत दोन टीम आहेत, उत्तरेला कब्ज, दक्षिणेला आम्ही, आणि त्या वर्षी चारही मॅच त्यांनीच जिंकल्या), तर जोक त्यांच्या आधी आपण मारायचा. "काल पाऊस पडला म्हणून हरलो नाही" हा माझा, फुकट वापरा.

सोडून गेलेल्या खेळाडूंचं काय करायचं हा खरा नाजूक प्रश्न. डिलन सीसला आम्ही मार्चमध्ये सॅन डिएगो पाड्रेसला दिला, आणि आमची स्ट्रीक ऐन भरात असताना २५ जुलैला त्यानं नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एक पण हिट नाही. मायकल कोपेकला जुलैअखेर डॉजर्सला दिला, ऑक्टोबरमध्ये तो वर्ल्ड सिरीज जिंकला. मी आधी दात-ओठ खायचो. मग ठरवलं, मुलगी लग्न होऊन गेली तरी तिच्या घरी बरं चाललंय म्हटलं की आपण खूश होतोच ना, तसं. टाळ्या वाजवा. जर्सी फेकू नका, चांगल्या कापडाच्या असतात.

स्ट्रीक ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये तुटली, ५-१. पश्चिमेकडची मॅच, आमच्याकडे रात्र झालेली, बाबा झोपलेले. सकाळी सांगितलं तर म्हणाले "मग पान कोण भरणार?" आणि मॅच पुन्हा लावायला लावून, निकाल माहीत असताना, सगळं पान भरलं. दोन दिवसांनी टीमनं मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, पेद्रो ग्रिफॉलला काढलं.

पायरी ८: राग कुणावर काढायचा ते ठरवा

राग येणारच, तो दाबू नका पण पत्ता नीट लिहा. तेवीस वर्षांचा पोरगा उडालेला बॉल सोडतो, त्याला बू करून काही होत नाही, त्याला तिथे कुणी पाठवलं तो वर काचेच्या खोलीत बसलेला असतो. टीम १९८१ पासून जेरी राइन्सडॉर्फकडे आहे. २००५ ची वर्ल्ड सिरीज, १९१७ नंतरची पहिली, ८८ वर्षांनी आलेली, ती पण त्यांच्याच काळात आली हे म्हणायला हवं, पण २०२४ पण त्यांच्याच काळात आलं.

२४ सप्टेंबरला आम्ही पार्कात होतो. १२० हरून झालेल्या, आज हरलो की इतिहास, लोक मुद्दाम तो बघायला आलेले, काहींच्या डोक्यावर कागदी पिशव्या. सगळीकडून "सेल द टीम" च्या घोषणा. आणि टीमनं काय करावं, आठव्या इनिंगला तीन रन काढले आणि ३-२ नं जिंकली! लोकांना ओरडावं की रडावं कळेना, माझ्या पुढचा माणूस चक्क निराश होऊन बसला. मग पुढच्या दोन पण जिंकल्या. १२१ वी हार तीन दिवसांनी डेट्रॉइटला झाली, ४-१, आणि त्याच मॅचनं टायगर्स प्लेऑफला पोचले, म्हणजे आमच्या बदनामीच्या रात्री समोर शॅम्पेन उडत होती.

माझा पैशाचा नियम असा: टीम ज्या वर्षी खेळाडूंवर खर्च करत नाही त्या वर्षी मी पण नवीन सामान घेत नाही. जुनी टोपी, जुनी जर्सी, सीझन तिकीट नाही, एकेक मॅचचं घ्यायचं. मन टीमचं, पाकीट माझं. आणि पोरांवर सक्ती नको. आमचा धाकटा त्या वर्षी दुसरीत होता, शाळेत अर्धा वर्ग कब्जवाला, त्यानं एक दिवस विचारलं मी कब्जचा झालो तर चालेल का. मी म्हटलं चालेल. दोन तास मी कुणाशी बोललो नाही हे खरं, पण चालेल म्हटलं.

पायरी ९: खालच्या लीग आणि थंडीचे महिने

मोठी टीम मरत असताना खाली बघा. आमच्या डबल-ए लेव्हलच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या, बर्मिंगहॅम बॅरन्सनी (१९९४ ला मायकल जॉर्डन बेसबॉल खेळला तीच टीम) त्याच २०२४ ला सदर्न लीगची चॅम्पियनशिप जिंकली. रोज सकाळी वरच्या टीमच्या आधी त्यांचा बॉक्स स्कोअर बघायची सवय लावा, दिवस बरा सुरू होतो. आणि नुसतंच बेसबॉल बघायचं असेल तर शिकागोजवळच्या शॉमबर्ग, जिनिव्हा, जोलिएट इथल्या स्वतंत्र टीम आहेत, व्हाइट सॉक्सशी त्यांचा काही संबंध नाही, पण गवतावर सतरंजी टाकून बसता येतं.

ऑक्टोबरमध्ये प्लेऑफ बघा, कुणाचीच बाजू न घेता, फार शांत वाटतं. डिसेंबरमध्ये नीट लक्ष द्या, पुढच्या वर्षी वहीत कुणाची नावं येणार ते तिथेच ठरतं. क्रोशेच्या बदल्यात आम्हाला काइल टील, चेस माइड्रॉथ, ब्रेडन मॉन्टगोमेरी, विकेलमन गोन्झालेझ असे चार जण मिळाले. आणि त्याच महिन्यात रूल ५ ड्राफ्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमनं मेन यादीत न ठेवलेला खेळाडू उचलायचा प्रकार, मिलवॉकीचा शेन स्मिथ नावाचा पिचर उचलला. फार कुणी लक्ष दिलं नव्हतं, २०२५ ला तोच ऑल-स्टार झाला.

२०२५ चं म्हणाल तर ६० जिंकल्या, १०२ हरल्या. सलग तिसऱ्या वर्षी शंभरच्या वर हार. त्यातच ४ जुलैला कोल्सन मॉन्टगोमेरी नावाचा शॉर्टस्टॉप वर आला (ब्रेडनचा कुणी नाही, नुसतं आडनाव सारखं) आणि त्यानं ७१ मॅचमध्ये २१ होम रन ठोकले.

बाबा तोपर्यंत सांगलीला परत गेलेले. इथली संध्याकाळची ७:१० ची मॅच म्हणजे तिकडे पहाटेचे ५:४०, ते फिरून येतात आणि मेसेज टाकतात. जिंकलो का हरलो विचारत नाहीत. "मॉन्टगोमेरीचं काय?" एवढंच, आणि मी बॉक्स स्कोअरचा फोटो पाठवला की ते त्याचं पान भरतात.